दुसरा भाग फिका का वाटतो?

‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ या मार्व्हलच्या अवकाशातल्या साहसपटाचा दुसरा भाग मे २०१७मध्ये आला, तेव्हा पाहून आलेल्यांचं बोलणं बहुतेक एकाच वळणावर जायचं. मजा आली, हसलो, शेवटी रडूही आलं, पण पहिल्याची सर नाही. आकडे मात्र वेगळंच सांगतात. २०१४च्या पहिल्या भागाने जगभरात सुमारे ७७ कोटी डॉलर कमावले होते, दुसऱ्याने सुमारे ८६ कोटी. अमेरिकेत पहिल्या खेळांना येणाऱ्या प्रेक्षकांकडून कार्ड भरून घेऊन ‘सिनेमास्कोअर’ ही संस्था सिनेमाला श्रेणी देते. तिथे दोन्ही भागांना ‘ए’च मिळाली. गल्ला वाढला, श्रेणी तीच राहिली, तरीही ‘सर नाही’. हे लोकांचे नखरे नाहीत. त्यामागे मेंदूचं आणि संख्याशास्त्राचं कारण आहे, आणि मला ते सिनेमाइतकंच रंजक वाटतं.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘रॉटन टोमॅटोज’ या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर समीक्षकांची पसंती पहिल्या भागाला नव्वदीच्या वर होती, दुसऱ्याला पंच्याऐंशीच्या आसपास. अनेक जण हे शाळेतल्या मार्कांसारखे वाचतात. पण ते मार्क नव्हेत. किती टक्के समीक्षकांचा कौल अनुकूल आहे, एवढंच त्यातून कळतं. शंभर जणांनी ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ म्हटलं तर शंभर टक्के, आणि ऐंशी जण वेडे झाले नि वीस जणांना अजिबात आवडला नाही तर ऐंशी टक्के! सिनेमास्कोअरचीही आपली मर्यादा आहे. पहिल्याच दिवशी तिकीट काढून येणारा माणूस आधीपासूनच चाहता असतो, त्यामुळे दुसऱ्या भागाची कार्डं मुख्यतः पहिल्यावर प्रेम करणाऱ्यांनी भरलेली असणार.

आता मेंदूकडे वळू. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन हे रसायन स्रवणाऱ्या पेशींची विद्युत हालचाल टिपली. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोरात सक्रिय व्हायच्या. मग रसाच्या आधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. काही दिवसांत माकडाला खुणेचा अर्थ कळला आणि पेशींचा प्रतिसाद रसावरून खुणेवर सरकला. खूण दिसली की पेशी उसळायच्या. प्रत्यक्ष रस आला की जवळजवळ शांत. रस तोच, थेंबही तेवढाच. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशींची हालचाल नेहमीच्या पातळीच्याही खाली जायची. म्हणजे या पेशी बक्षीस नव्हे, तर अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजत होत्या. १९९७मध्ये शुल्ट्झ, पीटर दयान आणि रीड माँटेग्यू यांनी या कल्पनेची गणिती मांडणी प्रसिद्ध केली. २०१७चा मानाचा ‘ब्रेन प्राइझ’ पुरस्कार ज्या तिघांना मिळाला, त्यांत शुल्ट्झ आणि दयान होते.

माकडाच्या रसावरून थेट सिनेमाच्या आवडीनिवडीवर उडी मारणं बरोबर नाही. सिनेमात आठवणी असतात, सोबतीला माणसं असतात, संगीत असतं. पण दिशा तीच आहे. २०१४मध्ये रॉकेट नावाचा बोलणारा रकून आणि ग्रूट नावाचं, तीनच शब्द बोलणारं झाड घेऊन आलेल्या सिनेमाकडून सर्वसामान्य प्रेक्षकाला फारशी अपेक्षा नव्हती. जे मिळालं ते सगळं अचानक मिळालं. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला मागे अक्राळविक्राळ प्राण्याशी लढाई चालू असते आणि समोर चिमुकला ग्रूट गाण्यावर नाचत असतो. कल्पना सुरेख आहे, माझ्या मते दोन्ही भागांतली सर्वांत मोकळी सलामी. पण तोवर जुनं गाणं आणि मारामारी यांची सांगड ही आपल्यासाठी ओळखीची खूण झालेली असते. आपण हसतो, चकित होत नाही.

दुसरं कारण निव्वळ संख्याशास्त्राचं. १८८६मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने शेकडो कुटुंबांतल्या आईवडिलांच्या आणि मोठ्या झालेल्या मुलांच्या उंच्या ताडून पाहिल्या. फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीहून उंच निघाली, पण आईवडिलांइतकी नाही. कुठल्याही असाधारण निकालात गुणांबरोबर थोडा योगायोगही मिसळलेला असतो आणि तो योगायोग पुढच्या वेळी तसाच जुळून येत नाही. सिनेमाच्या बाबतीत तर निवडच एकतर्फी असते. दुसरा भाग निघतो तो सहसा ज्याचा पहिला भाग अपवादात्मक जमला त्याचाच. पडलेल्या सिनेमाचा दुसरा भाग काढायला कोण पैसे घालतं? म्हणून दिग्दर्शक जेम्स गन यांनी तितकीच मेहनत घेतली असं धरलं, तरी घसरण होण्याची शक्यता आधीपासूनच जास्त होती.

मग ज्यांनी नाकं मुरडली तेही नायक पीटरला लहानाचं मोठं करणाऱ्या योंडूच्या अखेरच्या निरोपाबद्दल हळवे होऊन का बोलतात? इथे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर यांचा १९९६चा अभ्यास आठवतो. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची नळीने तपासणी, चालू असताना रुग्णांनी दर मिनिटाला वेदनेची तीव्रता सांगितली. नंतर संपूर्ण अनुभव कसा होता हे विचारल्यावर त्यांचं उत्तर ठरलं ते सर्वांत तीव्र क्षणावरून आणि शेवटच्या काही मिनिटांवरून. तपासणी किती वेळ चालली, याचा जवळजवळ काहीच परिणाम नव्हता. दुसऱ्या भागाचा मधला पट्टा रेंगाळतो, ही तक्रार मला मान्य आहे. पण तीव्र क्षण आणि शेवट इथे लागोपाठ येतात: एकुलता एक अवकाश-पोशाख पीटरला चढवून योंडू स्वतः मरण पत्करतो. (त्याच्या चेहऱ्यावर काही क्षणांत बर्फ जमतो, ते मात्र पटत नाही. निर्वात पोकळीत उष्णता वाहून न्यायला हवाच नसते, त्यामुळे शरीर सावकाश थंड होतं; प्राण जातो तो प्राणवायूअभावी.)

प्रत्येक दुसऱ्या भागाचं असंच होतं असंही नाही. ‘गार्डियन्स’च्या दुसऱ्या भागाच्या आठवडाभर आधी ‘बाहुबली’चा दुसरा भाग लागला होता आणि कटप्पाने बाहुबलीला का मारलं, या एका प्रश्नासाठी लोक रांगा लावून उभे होते. अर्थतज्ज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४मध्ये मांडलं होतं की आपल्याला काय माहीत आहे आणि काय जाणून घ्यायचं आहे, यांतल्या दरीतून कुतूहल जन्मतं. नवलाई पहिल्याच भेटीत खर्च होते. न सुटलेला प्रश्न मात्र वर्षानुवर्षं टिकतो. ‘गार्डियन्स’कडेही असा एक प्रश्न होता. २०१४च्या भागात रॉकेटच्या पाठीवर धातूचे सांधे ओझरते दिसतात आणि ते बेकायदा प्रयोगांतून आले एवढंच कळतं; ते प्रयोग कुणी आणि का केले, हे कुणी सांगत नाही. दुसऱ्या भागानेही ते सांगितलं नाही. २०२३च्या तिसऱ्या भागाचा सगळा डोलारा त्याच उत्तरावर उभा राहिला आणि सिनेमास्कोअरची श्रेणी तिसऱ्यांदाही ‘ए’च आली.