बडोद्यातली ‘खानगी’ भिंत

बडोदे बघायला गेलेला मराठी पाहुणा कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी बघतो आणि मग विचारतो, रविवर्म्याची ती प्रसिद्ध चित्रं कुठं आहेत? ती इथं नाहीत. ती लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या दुसऱ्या म्युझियममध्ये आहेत, आणि त्याचं तिकीट वेगळं.

याचं मूळ संस्थानी दप्तरातल्या ‘खानगी’ या शब्दात आहे. महाराजांच्या घरच्या खर्चाचं खातं ते खानगी, बाकीचं सरकारी. बाग १८७९ची, म्युझियमची इमारत १८९४ला पुरी झाली, दोन्ही सरकारी. शेजारच्या चित्रगॅलरीची इमारत १९१४मध्ये उभी राहिली, पण युरोपात घेतलेली चित्रं महायुद्धामुळे तिकडेच अडकली आणि गॅलरी उघडायला १९२१ उजाडलं. राजवाडा मात्र खानगीकडे. रविवर्म्याला त्याच राजवाड्यासाठी पौराणिक विषयांवरची चौदा चित्रं सांगितली होती. ती भिंतीवर चढण्याआधी बडोद्यात आणि मुंबईत लोकांसाठी मांडली गेली. नंतर छापील तसबिरी घरोघरी गेल्या, मूळ चित्रं आत राहिली.

कागदावर ही रेघ स्वच्छ दिसते. पण दोन्ही खात्यांत येणारा पैसा शेवटी रयतेच्याच साऱ्यातून यायचा, हे कसं विसरायचं? १ मे १९४९ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा ती रेघच वाटणीची ठरली. सरकारी ते नव्या सरकारकडे गेलं (१९६०पासून गुजरातकडे), खानगी ते घराण्याकडे राहिलं. १९६१ला घराण्याच्या ट्रस्टने राजपुत्रांच्या जुन्या शाळेत म्युझियम उघडलं, तेव्हा कुठे चित्रं पुन्हा लोकांसमोर आली. घराण्यातलाच मालमत्तेचा तंटा पुढे २०१३पर्यंत चालला. राजवाड्याचा काही भाग आज तिकीट काढून बघता येतो. घराणं अजून तिथेच राहतं.

तांबेकर वाडा या हिशेबात कुठेच बसत नाही. एका दिवाणाचं हे लाकडी, चारमजली घर. भिंतींवर कृष्णलीला आहेत, मराठे-इंग्रज लढाया आहेत, चक्क गोऱ्या मडमाही आहेत. आज तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. माझ्या मते राजवाड्याच्या आधी हा बघावा, पण पाहुण्यांच्या यादीत तो सहसा नसतोच.