‘ओ.टी. आली’ म्हणजे नेमकं काय? पंचगंगाकाठच्या नळपाण्याची पार्श्वभूमी

जूनमध्ये कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगेला पहिलं तांबडं पाणी आलं की काठावरच्या गावांत दरवर्षी तीच तक्रार उठते. नळाला गढूळ पाणी येतंय, वास येतोय, गल्लीत दोघातिघांना कावीळ झालीय. पालिकेचं उत्तरही ठरलेलं असतं : रोज ओ.टी. घेतो, ओ.टी. पॉझिटिव्ह आहे. तक्रार करणारा खोटं बोलत नसतो, आणि उत्तर देणारा कर्मचारीही बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. दोघांचं एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जाण्याची गरज नाही. औरंगाबादेत मलिक अंबरची नहर सतराव्या शतकातली, पुण्यात कात्रजचं पाणी पेशवाईतलं, मुंबईचा विहार तलाव १८६० चा. हा सगळा मोठ्या शहरांचा इतिहास झाला. वीस-पंचवीस हजार वस्तीच्या गावांत तेव्हा आणि पुढेही कितीतरी वर्षं आड, विहीर आणि नदीचा घाट एवढंच होतं. १९६५ च्या नगरपालिका कायद्याने पाणी पुरवणं हे पालिकेचं बंधनकारक काम ठरलं. १९७२ च्या दुष्काळानंतर पाण्याच्या प्रश्नाला सरकारदरबारी वजन आलं. १९७६ च्या कायद्याने राज्यात पाणीपुरवठ्यासाठी वेगळं मंडळ उभं राहिलं आणि त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत जॅकवेल (नदीचं पाणी उपसण्याची विहीर), फिल्टर हाऊस आणि उंच टाकी असं त्रिकूट गावोगावी दिसू लागलं. त्याच काळात गल्लोगल्ली एसी पाईप, म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या वाहिन्या गाडल्या गेल्या. घराकडे जाणारी नळी जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची. ती मुख्य वाहिनीपासून उंबऱ्यापर्यंत जाताना वाटेतलं गटार ओलांडायची. ते गटार बहुतेक ठिकाणी आजही उघडं आहे आणि नळीही त्यातूनच जाते.

आता ‘ओ.टी.’. या दोन अक्षरांवर गावाच्या पाण्याची सगळी भिस्त असते, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

ओ.टी. म्हणजे ऑर्थोटोलिडिन नावाचं रसायन. काचेची छोटी नळी खुणेपर्यंत पाण्याने भरायची, ओ.टी.चे थेंब टाकायचे, हलवायची. पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग चढतो. तो शेजारच्या रंगपट्टीशी ताडून पाहायचा. परीक्षा स्वस्त आहे, दहावी झालेला मुलगासुद्धा करू शकतो आणि निकाल जागेवर मिळतो. खेड्यांत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि ओ.टी. टेस्ट हे शब्द लसीकरणाइतके रुळले ते यामुळेच. पाण्याची जोखीम दाखवण्यासाठी ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या लाल, पिवळ्या आणि हिरव्या कार्डांमागेही हीच पावडर आणि हीच नळी आहे. या परीक्षेने लाखो लोकांना पटकीपासून वाचवलं असेल, यात मला शंका नाही.

पण या परीक्षेत जंतू दिसत नाहीत. पाण्यात औषध शिल्लक आहे की नाही, तेवढंच दिसतं. जंतू मेले की नाहीत, हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो आणि निकाल यायला एक-दोन दिवस लागतात. ‘ओ.टी. आली’ हे वाक्य कर्मचाऱ्याच्या तोंडी ‘क्लोरीन सापडला’ या अर्थाने असतं. पालिकेच्या सभागृहात पोचेपर्यंत त्याचं ‘पाणी शुद्ध आहे’ होतं, आणि बातमीत तर ‘पाणी पिण्यास योग्य’.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत राहतो. एक मोकळा, जो जंतूंवर झडप घालतो. दुसरा बांधलेला. पाण्यात मैल्यातून आलेला अमोनिया असला की क्लोरीन त्याच्याशी जुळतो आणि त्याचा जोर, विशेषतः विषाणूंवरचा, फार कमी होतो. ओ.टी. दोघांनाही पिवळा रंग देते. फरक वेळेचा आहे : मोकळ्या क्लोरीनचा रंग पहिल्या काही सेकंदांत उमटतो, बांधलेल्याचा पुढच्या काही मिनिटांत हळूहळू चढतो. ज्याला हे शिकवलेलं नाही तो नळी उजेडाकडे धरून निवांत पाहतो आणि पाच मिनिटांनी दिसलेला पिवळा रंग रजिस्टरात लिहितो. पाण्यात लोह किंवा मँगनीज असलं तरी हा रंग फसवतो. पाश्चात्त्य देशांनी ओ.टी. कधीच सोडली. ती अपायकारक आहे हे एक कारण, आणि मोकळा-बांधलेला हा घोळ दुसरं. तिथे आणि आपल्याकडच्या चांगल्या प्रयोगशाळांत डीपीडी ही दुसऱ्या रसायनाची परीक्षा वापरतात. तिचा रंग गुलाबी येतो आणि मोकळा क्लोरीन वेगळा मोजता येतो. गावातल्या टाकीखालच्या खोलीत मात्र अजून पिवळाच रंग चालतो.

पंचगंगेच्या बाबतीत हा घोळ पुस्तकी राहत नाही. पावसाळा संपला की नदी वाहती राहत नाही, ती बंधाऱ्यांच्या मागे साठून राहते. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी बंधाऱ्यांची रांगच आहे. वरच्या कोल्हापूर शहराचे नाले, कारखान्यांचं आणि कापडाच्या प्रोसेसचं पाणी या साठ्यांत उतरतं. उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो आणि तेरवाडला मेलेल्या माशांचा खच पडतो, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. अशा पाण्यात अमोनिया असणारच. म्हणजे टाकलेल्या क्लोरीनमधला मोठा हिस्सा बांधला जाणार, औषधाचा वास वाढणार, लोक ‘आज औषध जास्त झालंय’ म्हणून ओरडणार, आणि ओरड झाली की मात्रा कमी होणार. वास उग्र आणि संरक्षण कमी, अशी उलटी स्थिती नेमकी या काळात तयार होते.

देशाचं मानक याबाबतीत स्पष्ट आहे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, पहिल्यांदा १९८३ मध्ये आलं आणि २०१२ मध्ये त्याची दुसरी सुधारित आवृत्ती निघाली. त्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असावा असं म्हटलंय. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर किमान ०.५, अशी टीपही आहे. गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (हे गढूळपणाचं एकक), आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा मैल्यातला जिवाणू सापडताच कामा नये. ‘ओ.टी. पॉझिटिव्ह’ या शब्दांत यातला एकही आकडा बसत नाही. ०.२ की ०.५, मोकळा की बांधलेला, टाकीपाशी की टोकाच्या नळाला, काहीच कळत नाही. आणि हे मानक पालिकेच्या नळाला कायद्याने सक्तीचं नाही. बाटलीबंद पाण्याला त्याच्या वेगळ्या मानकाची २००१ मध्ये सक्ती झाली, पण ज्या नळावर गाव जगतं त्याला नाही. ही गोष्ट मला आजही पटत नाही.

विषाणूंची टीप कुठून आली, त्याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचं पात्र उपशाच्या जागेपासून सरकलं आणि नजफगढ नाल्याचं पाणी उलटं येऊन उपशात मिसळलं. धोका लक्षात आला तेव्हा क्लोरीनची मात्रा वाढवली गेली. त्यामुळे पटकी, विषमज्वर यांची साथ आली नाही. पण काही आठवड्यांनी कावीळ फुटली आणि २९ हजारांच्या आसपास लोक पिवळे पडले. जिवाणूंना रोखणारं क्लोरीन विषाणूला पुरलं नव्हतं. साठवून ठेवलेले रक्तनमुने अनेक वर्षांनी तपासले तेव्हा कळलं की ती हिपॅटायटिस ‘ए’ नव्हती. आज आपण तिला ‘ई’ म्हणतो. बहुतेकांना ही कावीळ चार-सहा आठवड्यांत सोडून जाते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती जीवघेणी ठरते. त्या अवस्थेत लागण झालेल्या स्त्रियांत मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं.

२०१२ मध्ये पंचगंगाकाठच्या इचलकरंजीत तेच घडलं. काविळीचे रुग्ण हजारोंनी झाले, मृत्यूही झाले. नदी, उपसा आणि गटारांतून गेलेल्या जुन्या वाहिन्या, सगळ्यांकडे बोट दाखवून झालं. त्यानंतरच्या दहा वर्षांत चर्चेचा सगळा भर मात्र एकाच गोष्टीवर राहिला : स्रोत बदला. कृष्णेचं पाणी मजरेवाडीहून येतच होतं, ती वाहिनी वारंवार फुटे. मग वारणेचं पाणी दानोळीहून आणायचं ठरलं. २०१८ मध्ये दानोळीकर रस्त्यावर उतरले आणि ते काम अडलं. मग दूधगंगेवर सुळकूडची योजना पुढे आली, तिलाही दूधगंगाकाठच्या गावांनी विरोध केला. वरच्या गावांची भीती मी खोटी म्हणणार नाही. आपली नदी स्वच्छ ठेवली ती आपण, आणि ज्यांच्या भागात नदी खराब झाली त्यांना आता आमचं पाणी हवं, हा त्यांचा सवाल रास्त आहे. पण या भांडणात एक गोष्ट मागे पडली. उद्या थेट धरणातून काचेसारखं पाणी टाकीत आलं तरी ते जाणार त्याच एसी पाईपांतून आणि त्याच गटारातल्या जीआय नळ्यांतून.

आणि पाणी चोवीस तास येत नाही. दिवसाआड, कुठे तीन दिवसांनी, तासभर. पाळीने पाणी सोडण्याचा निर्णय जिथे तिथे टंचाईच्या एखाद्या उन्हाळ्यात तात्पुरता म्हणून घेतला गेला आणि पाऊस पडल्यावर मागे घेतलाच गेला नाही. याला समन्यायी वाटप म्हणतात. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत महागात पडलेला निर्णय वाटतो. वाहिनी भरलेली आणि दाबाखाली असते तेव्हा गळतीतून पाणी बाहेर जातं, बाहेरची घाण आत येत नाही. चावी बंद झाली की दाब संपतो आणि त्याच फटीतून गटाराचं पाणी आत झिरपतं. पुढच्या पाळीला लोक नळाला मोटार लावतात आणि ओढ आणखी वाढते. फिल्टर हाऊसमध्ये सगळं नीट करूनही पाणी शेवटच्या दोनशे मीटरमध्ये नासतं, ते असं.

हे मी गल्लीत उभं राहून पाहिलंय. पहाटे साडेपाचला पाणी सोडणारा माणूस लांब लोखंडी चावी घेऊन येतो, रस्त्यातलं झाकण उचलतो आणि चाक फिरवतो. नळ आधी फुसफुसतो, मग चहासारखं पाणी येतं. बायका पहिल्या दोन बादल्या अंगणात ओततात, मग हंडा लावतात. त्या दिवशी मी दोन ठिकाणी नळी भरली. टाकीजवळच्या पहिल्या घरात रंग चटकन आला, हळदीसारखा. टेलच्या, म्हणजे वाहिनीच्या टोकाच्या घरी, जिथे नळी गटारातून वर येते, पाणी तसंच राहिलं. मी दहा मिनिटं थांबलो. त्या घरातल्या मावशी म्हणाल्या, ‘‘आमच्याकडं कुणी बघायला येतच नाही.’’ त्या दिवशीच्या रजिस्टरात नोंद होती : ओ.टी. होय.

वेगळा रस्ता दूर नव्हता. कराडला लागून असलेल्या मलकापूरने २००९ च्या सुमारास घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी सुरू केलं. जास्त वापराला जास्त दर लावला, वाहिन्या बदलल्या. चोवीस तास पाणी म्हणजे उधळपट्टी, ही समजूत तिथे टिकली नाही. नळ उघडला की पाणी येणार हे कळल्यावर घरातले हौद आणि पिंप यांची गरजच कमी झाली. तरी आसपासच्या गावांनी अनुकरण केलं नाही, कारण मीटर म्हटलं की निवडणूक आठवते. पैशाचंही खरं आहे. शहरी पाणीपुरवठ्यासाठीच्या केंद्राच्या अमृत योजनेचा २०१५ चा पहिला टप्पा मुख्यतः लाखावर लोकसंख्येच्या शहरांसाठी होता. लहान गावांना दार उघडलं ते २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात. तोवर १९८० च्या आसपास घातलेले पाईप चाळिशीला पोचले होते.

या मधल्या काळात लोकांनी आपापली सोय केली. लग्नात, दुकानात आणि आता घरोघरी वीस लिटरचे थंड पाण्याचे जार आले. या सुट्या जारवर ना तारीख असते ना शिक्का, आणि बाटलीबंद पाण्याचे नियम त्यांना लावायचे कसे यावर अजून वाद आहे. त्यांतलं पाणी बहुधा बोअरचं, आरओतून काढलेलं असतं. त्यात क्लोरीन शिल्लक नसतो, म्हणजे जार न धुता भरला तर आत वाढणाऱ्या जंतूंना अडवायला काहीही नाही. ज्यांना जार परवडत नाही ते टेलच्या नळावरच आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या कडेला, सिंहगड रस्त्याच्या परिसरात, गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. नांदेड गाव आणि किरकटवाडी २०२१ मध्ये शहरात आली होती, पण या भागाचं पाणी अजून विहिरीतून, शुद्धीकरण केंद्राशिवाय, नुसतं ब्लीचिंग टाकून दिलं जात होतं. काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाण्यातून येणारा, या आजाराला निमित्त ठरणारा जिवाणू सापडला. तिथेही क्लोरीन होतं की नव्हतं याची चर्चा झाली.

पुरात तर सगळंच थांबतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-शिरोळ भागात उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडे पाणी असताना नळ कोरडे राहिले. पाणी ओसरल्यावर टाक्या धुतल्या गेल्या आणि टीसीएलची पोती आली. ताज्या पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पावसाळी हवेत तोंड उघडं राहिलेल्या पोत्यात तो दिवसागणिक उडत जातो. आमच्या गावात त्या महिन्यात पोत्यातली पावडर तपासून मग मात्रा ठरवल्याचं मला कुणी सांगितलं नाही. चमच्याचं माप आधीच्या महिन्यातलंच होतं. रजिस्टरात त्या आठवड्याच्या सातही दिवसांपुढे ‘होय’ लिहिलेलं आहे.