नाकात वाढतो, छातीत अडतो

नाकात फवारायच्या फ्लूच्या लशीत जिवंत विषाणू असतो हे कळलं की आईवडील हमखास विचारतात, "म्हणजे आपणच पोराला फ्लू द्यायचा?" सप्टेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणाऱ्या संस्थेने) फ्लूमिस्ट हा फवारा घरच्या घरी घ्यायला परवानगी दिली. तेव्हा तर ही शंका निघणारच, आणि ती रास्तही आहे. उत्तर आहे तापमानात.

१९६०च्या दशकात मिशिगन विद्यापीठात हुनेन मासाब यांनी फ्लूचा विषाणू कोंबडीच्या पिलांच्या मूत्रपिंडपेशींत वाढवला. दर टप्प्याला गारवा वाढवत ते २५ अंश सेल्सिअसपर्यंत आले. थंडीला सरावलेला हा विषाणू नाकाच्या गारव्यात वाढतो, फुफ्फुसाच्या उबेत त्याची वाढ खुंटते. त्याची सहा जनुकं तशीच ठेवतात आणि बाहेरच्या दोन प्रथिनांची जनुकं त्या हंगामातल्या विषाणूची घेतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची २०१०ची नेझोवॅक ही स्वाइन फ्लूची लसही याच जातीची; फक्त तिचा मूळ विषाणू रशियातल्या लेनिनग्राडचा.

आता माझा सर्वांत आवडता भाग. दंडातल्या इंजेक्शनाने मुख्यतः आयजीजी ही प्रतिपिंडं रक्तात तयार होतात. नाकात विषाणू वाढला, तर नाकाच्या अस्तराखालीच प्लाझ्मा पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी, आयजीए हे दुसरं प्रतिपिंड बनवू लागतात. त्याचे दोन रेणू जे-साखळी नावाच्या प्रथिनाने जोडलेले असतात. ही जोडी अस्तराच्या पेशीतून पलीकडे शेंबडात जायची कशी? पेशीच्या तळाशी एक ग्राहक-प्रथिन तिला पकडतं, पेशीच्या पोटातून वरच्या काठाला नेतं आणि तिथे स्वतःच तुटतं. तुटलेला तुकडा आयजीएला चिकटून राहतो आणि पाचक विकरांपासून त्याचं रक्षण करतो. नावाड्याने पैलतीरी उतरवावं आणि नाव मोडून तिची फळी ढाल म्हणून हाती द्यावी, तसं हे. एका खेपेला एक नाव खर्ची पडते!

नाकात तूप सोडलं की फ्लू अडतो, असे संदेश फिरतात. तुपाने कोरडं नाक ओलं राहील. पण प्रतिकारपेशींना विषाणूची ओळख तूप करून देऊ शकत नाही.

विषाणू नाकात वाढलाच नाही, तर मात्र हा सगळा खटाटोप फुकट. अमेरिकेत २०१६ ते २०१८ या दोन हंगामांत फवाऱ्याची शिफारस थांबली होती, कारण एच१एन१ या फ्लूच्या प्रकाराविरुद्ध तो कमी पडत होता. लशीतला तो विषाणू बदलला आणि २०१८-१९मध्ये शिफारस पुन्हा सुरू झाली.