मंडळ वेगळं, समिती वेगळी

अल्पवयीन मुलाच्या गाडीने झालेल्या कल्याणीनगरच्या मे 2024 च्या अपघातापासून बाल न्याय मंडळ पुण्यात सगळ्यांना ऐकून माहीत आहे. 18 वर्षांखालच्या मुलावर गुन्ह्याचा आरोप असेल तर तो मंडळापुढे जातो. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. बालकल्याण समिती त्याहून वेगळी, तिच्यात अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. तीही निव्वळ सल्लागार नव्हे, तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत.

दोघांत लोकांची खरी गफलत होते ती इथे. समितीपुढे आलेल्या मुलावर कसलाही आरोप नसतो. घरून पळून पुणे स्टेशनवर उतरलेला, सिग्नलला भीक मागणारा, हॉटेलात भांडी घासणारा, अशा मुलांना काळजी आणि संरक्षण हवं असतं. त्यांना बालगृहात ठेवतात. चौकशी चालू असलेल्या आरोपी मुलांसाठी निरीक्षणगृह असतं. दोन्हींना सरसकट ‘रिमांड होम’ म्हणणं आता बंद करा. त्या एका शब्दामुळे हरवलेल्या पोराचे आईवडील जामिनासाठी वकील शोधत फिरतात. समितीपुढे जामीन हा प्रकारच नाही. तिथे मुलाचा जन्मदाखला, तुमचं आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला न्या आणि नातं दाखवा. मामा किंवा शेजारी आला म्हणून मूल लगेच हाती मिळत नाही, आधी घरची चौकशी होते.

आता अवघड भाग. बारा वर्षांच्या पोराला टोळीने मोबाइल चोरायला पाठवलं, तर तो दोन्हीकडचा ठरतो. आरोप आहे म्हणून आधी मंडळ, पण घरचा आधारच नसेल तर मंडळ त्याला समितीकडे सोपवू शकतं. हे ठरवायला मंडळाच्या हाती मुख्य कागद असतो सामाजिक तपास अहवाल, म्हणजे मुलाच्या घरची आणि परिस्थितीची माहिती. मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून 15 दिवसांत परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) तो देतो. घरी न जाता ‘वडील व्यसनी, परिस्थिती हलाखीची’ एवढंच लिहिलेला अहवाल मुलाच्या मुळावर येतो, कारण त्यातून मंडळाला काहीच ठरवता येत नाही. अधिकारी घरी आले की शाळेचे कागद, औषधोपचाराच्या चिठ्ठ्या दाखवा आणि मुलाची जबाबदारी घेणाऱ्याचं नाव स्पष्ट सांगा.

एकटं मूल सापडलं तर घरी ठेवून घेऊ नका. 24 तासांत 1098 वर किंवा पोलिसांना कळवा, न कळवणं हा गुन्हा आहे.