फुकुशिमाचं जंगल धुऊन काढता येत नाही

मार्च २०११ मध्ये फुकुशिमाचा अणुअपघात झाला, त्यानंतर जपानने घरांची छपरं धुतली, शाळांची मैदानं खरवडली, शेतातली वरची साधारण ५ सेंटीमीटर माती काढून मोठमोठ्या पिशव्यांत भरली. पण त्या प्रांताचा सुमारे ७० टक्के भाग जंगल, तेही डोंगराळ. तिथे वस्तीला लागून असलेला साधारण २० मीटरचा पट्टा साफ केला आणि बाकी बहुतेक जंगल तसंच सोडलं. लोक चिडले, साहजिक आहे. पण मला तरी तो निर्णय बराचसा बरोबर वाटतो.

कारण असं की इथला मुख्य व्हिलन म्हणजे सीझियम-१३७ हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य, अर्धायुष्य (म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ) ३० वर्षं. आधी ते पानांवर, फांद्यांवर बसलं, मग पाऊस आणि पानगळीबरोबर खाली आलं आणि काही वर्षांत त्यातलं बरंचसं मातीच्या वरच्या थरात मुरलं, तिथे चिकणमातीतली खनिजं त्याला इतकं घट्ट धरतात की पाण्याबरोबर फार कमी वाहून जातं. आता हाच थर ओरबाडला तर उतार उघडा पडणार, माती वाहणार आणि सीझियम थेट नदीत. शिवाय काढलेली माती ठेवायची कुठे? आधीचीच सव्वा कोटी घनमीटरपेक्षा जास्त पडून आहे!

युक्रेनमधल्या चेर्नोबिलला १९८६ च्या अणुअपघातानंतर उलटं केलं होतं. किरणोत्सर्गाने लाल पडून मेलेले पाइन बुलडोझरने पाडून चरांमध्ये पुरले. त्या चरांतून पुढे स्ट्रॉन्शियम-९० हे दुसरं किरणोत्सर्गी मूलद्रव्य भूजलात झिरपलं, आणि वर लावलेल्या नव्या झाडांनीही मुळांवाटे ते वर ओढलं. तिथे दुसरी डोकेदुखी आगीची, एप्रिल २०२० मध्ये मोठा वणवा लागला होता, धुराबरोबर सीझियम पुन्हा हवेत.

म्हणजे नुसतं सोडून देऊनही भागत नाही, वणवे रोखायचे, विरळणी (दाट झाडांतली काही तोडणं) चालू ठेवायची, आणि जंगलातून काय बाहेर जातं ते मोजायचं. सीझियम रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमसारखं, त्यामुळे झाडं फसून ते आत घेतात, रानातल्या कित्येक मशरूम तर जास्तच. फुकुशिमातले ओकचे ओंडके शिताके मशरूम वाढवायला जपानभर जायचे, आता ओंडक्याला किलोमागे ५० बेकरेलची (बेकरेल हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) मर्यादा आहे, धंदा पार बसला. पोटॅशियम खत घातलं तर कोवळी झाडं सीझियम कमी घेतात का, याचे प्रयोग झालेत, पण अख्ख्या डोंगराला खत कोण घालणार?