लांबवलेला रॅक, फेरीबोट आणि तारेचा पीळ

"डिजिटल आहे रे, त्याला कसला आलाय नॉइज!" कुंडईच्या एका कारखान्यात मेन्टेनन्स बघणारा मित्र परवा चहा पिताना बोलला. नॉइज म्हणजे बाहेरून तारेत घुसणारा विजेचा गोंधळ, आणि डिजिटलला तो बाधत नाही हा गैरसमज लय जणांचा असतो. त्याचा प्रॉब्लेम असा, पीएलसीच्या मेन रॅकमधली जागा संपली म्हणून 60 मीटरवर दुसरा रॅक बसवला, आणि मोठी मोटर सुरू झाली की तो रॅक गायब, म्हणजे मेन रॅकशी त्याचं बोलणंच तुटतं.

पीएलसी म्हणजे मशिनं चालवणारा कॉम्प्युटर, रॅक म्हणजे त्याची खाचांची चौकट, खाचेत मॉड्यूल (त्याचे सुटे भाग) बसवायची. रॅकमध्ये ती मागच्या बोर्डावरून बोलतात, पण तो बोर्ड हातभर अंतरासाठीच. लांब जायचं तर बऱ्याचदा आरएस-485 वापरतात, तारेवरून सिग्नल पाठवायचं 1983 चं स्टँडर्ड, कमी स्पीडला 1200 मीटरपर्यंत जातं.

यातली गंमत म्हणजे दोन तारा. एकीचा व्होल्टेज वर गेला की दुसरीचा खाली, आणि पलीकडचा चिप फक्त दोघींतला फरक बघतो, 0.2 व्होल्ट मिळाला तरी पुरे. बेतीच्या फेरीबोटीत उभ्या दोन माणसांच्या उंचीतला फरक भरती आली म्हणून बदलतो काय? बोट उचलली की दोघंही उचलले जातात. नॉइजचं तेच, दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि वजाबाकीत उडतो. पण सारखाच चढायला तारा एकमेकींना पिळलेल्या पाहिजेत, म्हणजे मोटरच्या जवळ कधी ही कधी ती. ही आयडिया ग्रॅहम बेलची, पेटंट 1881 चं! अर्थात चिपलाही मर्यादा आहे, दोन्ही तारा एकदम वर किंवा खाली सरकून -7 ते +12 व्होल्टच्या बाहेर गेल्या तर संपलं.

केबलच्या टोकाला 120 ओहमचा रेझिस्टर लावतात तो प्रतिध्वनी, म्हणजे टोकावरून परत फिरणारा सिग्नल, मारायला. लाट धक्क्यावर आपटून परत येते, मिरामारच्या वाळूत जिरते, तसं. सिग्नलला मीटरला साधारण 5 नॅनोसेकंद लागतात, म्हणजे 60 मीटर जाऊन यायला 600. स्पीड सेकंदाला 9600 बिट असेल तर एक बिटच 104 मायक्रोसेकंदाचा, प्रतिध्वनी कळणारसुद्धा नाही, पण सेकंदाला 10 मेगाबिट असेल तर बिट 100 नॅनोसेकंदाचा, म्हणजे सहा बिट मागचा आवाज आताच्या बिटावर येऊन बसतो.

पॅनलला लिंबू-मिरची होतीच. वर बांधलेल्या लिंबाचा रस टर्मिनलवर गळला तर तांबं खाणार, बाकी उपयोग शून्य.

केबल उघडल्यावर सापडलं, एक तार एका जोडीतली आणि दुसरी भलत्याच जोडीतली घेतलेली, म्हणजे पीळ असून नसल्यासारखा. बदलल्यावर रॅक टिकला. मोटरची केबल अजून त्याच ट्रेमधून जाते, ती चवथीच्या सुट्टीत लाईन बंद असेल तेव्हा हलवतो म्हणतोय.