रोज बंद होऊनही बंद न होणारा पीसी

‘रॅम वाढवून द्या’ ही ऑफिसातली नेहमीची मागणी. मार्चअखेरीला आमच्या हिशेब विभागातल्या ताईंनीही तीच केली. ८ जीबीचा विंडोज १० पीसी, उघडं फक्त एक्सेल आणि ब्राउझर, तरी मेमरी ९२ टक्के. “रोज संध्याकाळी आठवणीने शटडाउन करते हो!” करतच होत्या.

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, डिस्क म्हणजे माळा. ओटा भरलेला दिसला म्हणून बिघडत नाही. चालू कामाचंच सामान त्यावर मावेना, की एक डबा माळ्यावर चढवा, दुसरा उतरवा, असं सुरू होतं. ही युक्ती १९६२ च्या मँचेस्टरमधल्या ॲटलस संगणकापासूनची. ती हाताबाहेर गेली की यंत्र रांधायचं सोडून नुसते डबे हलवत बसतं. याला म्हणतात थ्रॅशिंग. त्याची कारणं पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये उलगडून दाखवली. ओट्यावरचं मीठ घ्यायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर त्याच मापाने एसएसडीवरून आणायला साधारण पाव तास आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून एक दिवसाहून जास्त. पीसी ‘हँग’ होतो तो इथे.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे कोण किती मेमरी खातंय ते दाखवणारी खिडकी, उघडला. ब्राउझरच्या दहा-बारा ओळी होत्या, पण त्यात नवल नाही, बहुतेक टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्येच चालतात. नवल बेरजेचं होतं. सगळ्या प्रोग्रॅमची मिळून जेमतेम ३ जीबी, वापरात मात्र ७ च्या वर. मग परफॉर्मन्सच्या पानावर ‘नॉन-पेज्ड पूल’ हा आकडा पाहिला. एरवी काहीशे एमबी असतो, इथे जवळपास ३ जीबी! ही जागा विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (यंत्राचे सुटे भाग चालवणारी सॉफ्टवेअरं) वापरतात, ती माळ्यावर टाकताच येत नाही, आणि प्रोग्रॅमच्या यादीत ती कुणाच्या नावावरही दिसत नाही. एखादा ड्रायव्हर वाटीवाटीने साखर उसनी नेत होता आणि परत करत नव्हता.

पण रोजच्या शटडाउनने ही उधारी फिटायला हवी होती ना? सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’, म्हणजे विंडोज सलग किती काळ चालू आहे ते, बघितलं: ४१ दिवस! विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. शटडाउन केलं की प्रोग्रॅम बंद होतात, पण गाभा आणि ड्रायव्हर यांची मेमरी जशीच्या तशी डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी परत उचलली जाते. उधारीसकट. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं कोरं होतं. (शिफ्ट दाबून शटडाउन केलं तरी होतं. हे कुणी सांगत का नाही, देव जाणे.)

रीस्टार्ट केला, मेमरी ४० टक्क्यांच्या आत आली. आठवड्याभरात पूल पुन्हा फुगू लागला, तेव्हा नेटवर्क कार्डाचा जुनाट ड्रायव्हर बदलला आणि पूल फुगायचा थांबला.

रॅमचा अर्ज ताईंनी अजून मागे घेतलेला नाही. त्यांची ती एक्सेलची फाइल पाहता मीही फार जोर करत नाही.